आठ घरांचं पाणी

मला हे गाव आवडत नाही. नऊ वर्षं इथे राहिल्यावर आणि इथल्या प्रत्येक रस्त्याखालून कोणता पाइप कुठे जातो हे पाठ झाल्यावर मी हे म्हणते आहे. तेव्हा उचलली जीभ लावली टाळ्याला, असा हा प्रकार नाही.

नेब्रास्कातल्या मक्याच्या शेतांमध्ये हे गाव बसलं आहे. गावाचं पाणी माझ्याकडे आहे. म्हणजे दोन विहिरी, एक उंच टाकी, जमिनीखालचे पाइप, हाताखाली दोन माणसं आणि एक खणायचं यंत्र. नवऱ्याला जवळच्या हॉस्पिटलात कॉम्प्युटरचं काम मिळालं म्हणून आम्ही आलो. नागपूरला शिकलेलं माझं सिव्हिल इंजिनिअरिंग गावाला उपयोगी पडेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. पण आधीचा माणूस निवृत्त झाला आणि त्या जागेसाठी दुसऱ्या कुणी अर्जच केला नाही, म्हणून मला घेतलं. हे मला नोकरीच्या पहिल्याच दिवशी तोंडावर सांगण्यात आलं.

गाव झेक लोकांचं. बोहेमियातल्या एका लहानशा गावातून आठ कुटुंबं उठून इथे आली आणि त्यांनी मागे सोडलेल्या गावाचंच नाव याही गावाला दिलं. आधी मातीची घरं, मग चर्च, मग सभागृह आणि बँड. रेल्वे आली तेव्हा धान्याची कोठारं उभी राहिली, दुकानं आली, शाळा दोन मजली झाली. मग रेल्वे बंद झाली. दुकानं एकेक करून मिटली आणि शाळा शेजारच्या गावात गेली. आता रुळांमध्ये गवत उगवतं. पण आठ कुटुंबांची आठ घरं टेकाडावरच्या रस्त्यावर अजून उभी आहेत आणि त्यांतल्या लोकांची मान अजून तितकीच ताठ आहे. आम्ही राहतो रुळापलीकडे. रुळापलीकडे कोण राहतं हे इथे कुणी बोलून दाखवत नाही, तरी सगळ्यांना ठाऊक असतं.

हा सगळा इतिहास मला कसा माहीत, तर बखरीमुळे. त्यांच्या जुन्या देशात प्रत्येक गावाने आपली बखर ठेवायची रीत आहे. वर्षभरात गावात काय झालं ते एका नेमलेल्या माणसाने हाताने लिहून काढायचं. ही रीत आठ कुटुंबांनी बोटीतून सोबत आणली. नियम कडक आहेत. लिहिलेलं खोडायचं नाही. जिवंत माणसाचं नाव घालायचं नाही, फक्त घर किंवा काम सांगायचं. आणि नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी सभागृहात सगळ्यांसमोर मागच्या वर्षाचं पान वाचायचं. मग सूप आणि खसखशीचं सारण भरलेले गोल पाव.

बखर लिहिते एक म्हातारी. ऐंशी ओलांडलेली, काटक, आठ घरांपैकी पहिल्या घरात राहणारी. गावात झेक लिहिता-वाचता येणारी ती शेवटची. ती ओळीखाली बोट ठेवते आणि तोंडाने इंग्रजीत सांगत जाते. बोट पुढे सरकलं की वाक्य पुढे सरकतं. आम्ही आलो त्या वर्षीच्या वाचनाला मी हौसेने अनारसे करून नेले होते. आमच्याकडेही खसखस असते हे दाखवायचं होतं, दुसरं काय. म्हातारीने डब्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "ते मागच्या टेबलावर ठेव." मग तिने पान वाचलं. त्यात होतं, "या वर्षी रुळापलीकडे एक परदेशी कुटुंब आलं. ते टिकेल असं वाटत नाही." सगळे हसले. मीही हसले, कारण अशा वेळी काय करायचं ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

घरी आल्यावर मात्र माझा जळफळाट झाला. धाकटी बहीण मिशिगनमधल्या नोव्हायला असते, तिला फोन केला.

"ताई, तू अजून तिथे का सडतेयस यार?" ती म्हणाली. "इकडे शिफ्ट व्हा. जॉबचं मी बघते. इथे निदान गणपतीत घर भरतं तरी."

"टिकणार नाही म्हणते," मी म्हटलं. "आता तर मी हलतच नाही."

खरं सांगायचं तर त्या एका वाक्यासाठी मी इथे राहिले. माणसं प्रेमापोटी गावात राहतात, मी दातओठ खाऊन राहिले. दरवर्षी वाचनाला जायची, दुसऱ्या रांगेत बसायची आणि म्हातारीच्या नजरेला नजर द्यायची.

मग सरकारचा हुकूम आला. देशभरातल्या प्रत्येक गावाने आपल्या नळाचे पाइप कशाचे आहेत त्याची घरवार यादी करून द्यायची. रस्त्याखालच्या मोठ्या पाइपापासून घरात शिरणारा जो बारका पाइप असतो, तो शिशाचा आहे का, एवढाच मुद्दा. शिसं पाण्यात उतरतं आणि लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करतं. परीक्षा अगदी सोपी. तळघरात जायचं, पाइपाला लोहचुंबक लावायचं. चिकटलं तर लोखंड. नाही चिकटलं तर किल्लीने ओरखडा काढायचा. चांदीसारखं चकाकलं तर शिसं. जिथे आत जाता येत नाही तिथे गावचं जुनं दप्तर पुरावा म्हणून चालेल, असंही हुकुमात होतं.

रुळापलीकडच्या लोकांनी मला तळघरं उघडून दिली. कॉफी दिली, एका मेक्सिकन बाईने मक्याच्या पानात उकडलेले टमाले बांधून दिले. टेकाडावर मात्र दारं बंद. आठही घरांतून एकच उत्तर, "बखरीत असेल बघ." पुरावा म्हणून कागदच हवा असेल, तर बखरीपेक्षा खरा कागद या गावात नाही अशी त्यांची ठाम समजूत. आणि बखर म्हातारीकडे. गेले.

तिने मला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं. पाणीसुद्धा विचारलं नाही. तिची नात पाळणाघरातून मुलीला घेऊन नुकतीच आली होती. नात शाळेत शिकवते आणि नवऱ्यापासून वेगळी झाल्यापासून आजीकडेच राहते. मुलगी सहा महिन्यांची. नातीने नळाखाली बाटली धरली, डब्यातल्या दुधाची पूड घातली, हलवली आणि मुलीला पाजत बाहेर गेली. हे मी पाहिलं. पुढे हे चित्र मला किती वेळा आठवणार आहे ते तेव्हा कळलं नाही.

म्हातारीने गावात नळ आले त्या वर्षाचं पान काढलं. तिचे आजोबा तेव्हा पाणी समितीचे प्रमुख होते, हे तिने मला दोनदा सांगितलं. मी लॅपटॉप उघडला.

"तुमच्या देशात घरोघरी नळ असतात का?" तिने विचारलं.

"असतात," मी म्हटलं.

"मग तिथलंच काम करायचं सोडून इथे कशाला?"

माझ्या कानशिलांतून वाफा निघायला लागल्या. मी म्हटलं, "वाचा."

तिने वाचायला सुरुवात केली. अमुक महिन्यात विहीर खणली. अमुक महिन्यात टाकी उभी केली. मोठा पाइप आधी टेकाडावरच्या रस्त्याने नेला, मग रुळांपर्यंत. बोट ओळीओळीने खाली येत होतं. आणि मग ते बोट उचललं गेलं, तीन ओळी सोडून खाली टेकलं आणि ती म्हणाली, "घरांना उत्तम लोखंडी पाइप जोडले. वर्षाअखेर बँड वाजवून पाणी सोडलं."

मी ते पाहिलं. स्वच्छ पाहिलं. इतकी वर्षं दुसऱ्या रांगेतून मी त्या बोटाकडेच तर पाहत आले होते. ते कधी ओळ चुकत नाही हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नसेल. एक शब्द पुरे होता, "मधलं?" पण माझ्या डोक्यात तिचा प्रश्न अजून घणघणत होता. वाटलं, असेल यांच्या घरातलं काही झाकायचं. मला काय करायचंय? या बाईबरोबर आणखी एक मिनिट बसायची माझी तयारी नव्हती.

"तळघर बघू का?" एवढं मी कर्तव्य म्हणून विचारलं.

"पायऱ्या मोडल्या आहेत," ती म्हणाली.

पायऱ्या मोडल्या नव्हत्या हेही मला कळलं होतं. ऑफिसात येऊन मी आठ घरांपुढे "लोखंड" असं टाइप केलं, खाली सही केली आणि यादी पाठवून दिली. घे बाई, तुझंच खरं.

सहा-सात महिन्यांनी नात माझ्या ऑफिसात आली. कडेवर मुलगी, हातात दवाखान्याचा कागद. मुलीच्या पहिल्या वाढदिवसाच्या तपासणीत रक्तात शिसं सापडलं होतं. डॉक्टर घरच्या नळाचं विचारत होता. तिने गावाच्या यादीत आपलं घर शोधलं होतं आणि तो कागदही सोबत आणला होता.

"इथे लोखंड लिहिलंय," ती म्हणाली. "सही तुमची आहे. मग शिसं कुठून आलं?"

मुलगी माझ्या टेबलावरचं लोहचुंबक उचलायला बघत होती. मी ते तिच्या हातून काढून घेतलं आणि म्हटलं, "चला."

म्हातारीने दार अडवलं. मी तिच्या बाजूने आत शिरले. तळघराच्या पायऱ्या धडधाकट होत्या. समोरच्या भिंतीतून पाइप आत येत होता. राखाडी, जरा वाकलेला, सांध्याशी कांद्यासारखा फुगलेला. चुंबक लावायची गरज नव्हती, तरी लावलं. ते घसरून खाली पडलं. किल्लीने ओरखडा काढला. चांदी.

मी ओरडले. इतकी मोठ्याने मी या देशात कधी ओरडले नसेन. "तुम्ही तीन ओळी सोडल्यात. त्यात हे होतं ना?"

म्हातारी वरच्या पायरीवर उभी होती. तिचा चेहरा मला नीट दिसत नव्हता, पण आवाज शांत होता.

"सोडल्या," ती म्हणाली. "आणि तू बघत होतीस."

नात आम्हां दोघींच्या मधल्या पायरीवर होती. ती आधी आजीकडे बघत होती. आता तिने मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं.

त्या तीन ओळी म्हातारीने मग वाचल्या, तिथेच, बखर तळघराच्या दारात आणून. त्या काळी शिसं लोखंडापेक्षा महाग आणि चांगलं समजलं जाई. ते गंजत नाही, हवं तसं वाकतं. पाण्यासाठी सगळ्या गावाने वर्गणी काढली होती. पण समितीच्या प्रमुखाने शिशाचे पाइप संस्थापकांच्या आठ घरांना दिले आणि बाकी गावाला लोखंडाचे. रुळापलीकडच्या लोकांनी कुरकुर केली, त्यांचं ऐकलं गेलं नाही. एवढंच होतं. म्हातारीने शिसं लपवलंच नव्हतं. तिने आजोबांचा पक्षपात लपवला होता. शिशाचं काय होतं हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. परक्या बाईसमोर, त्यातून माझ्यासमोर, आपल्या घराची अब्रू जाऊ नये एवढंच तिला हवं होतं. आपला तो बाब्या म्हणतात, तो हा.

पण शिशाचं काय होतं हे मला माहीत होतं. त्यासाठीच तर मला नेमलं होतं.

नात त्याच आठवड्यात मुलीला घेऊन घरातून निघाली. रुळापलीकडे, आमच्यापासून चार घरं सोडून तिने जागा भाड्याने घेतली. तिथला पाइप लोखंडाचा आहे, मी स्वतः तपासलेला. ती मला रस्त्यात दिसते. मी हात वर करते. ती गाडीचा आरसा नीट करायला लागते.

आम्ही टेकाडावरचा रस्ता खणला. आठही घरांचे पाइप बदलले. सात घरांतल्या लोकांनी हिरवळ गेली म्हणून तक्रारी केल्या, झाडाची मुळं तुटली म्हणून केल्या, माझ्या माणसांच्या बुटांचा चिखल लागला म्हणूनही केल्या. आभार कुणी मानले नाहीत. गरज सरो, वैद्य मरो. मात्र या वेळी तोंड उघडायचा मला हक्क नव्हता, आणि माझी सगळ्यात जास्त चिडचिड त्याचीच होती. मुलीच्या रक्तातलं शिसं हळूहळू उतरतं आहे असं दवाखान्यातल्या नर्सकडून कळलं. पुढे काय होईल हे ती मोठी झाल्याशिवाय कुणी सांगू शकत नाही, हेही तिनेच सांगितलं.

घरी मी म्हातारीला शिव्या देत होते. एकदा जेवताना मुलगी, माझी मुलगी, काटा खाली ठेवून म्हणाली, "आई, यू सॉ इट टू. यू कान्ट बी मॅड ॲट ओन्ली हर." ती तेरा वर्षांची आहे. नवरा तिला गप्प बसवेल असं मला वाटलं. त्याने वरण वाढून घेतलं.

वर्ष संपताना म्हातारीचा निरोप आला. गेले. टेबल तेच, खुर्ची तीच. घर मात्र भलतंच शांत झालं होतं. या वेळी तिने माझ्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला. ते प्रेम नव्हतं. मी पिते की नाही ते तिला बघायचं होतं. मी प्यायले.

तिने बखर उघडली. या वर्षाचं अर्धं पान तिने लिहून काढलं होतं. तिने बोट ठेवून मला वाचून दाखवलं. जुन्या पानावरच्या तीन ओळी तिने पुन्हा उतरवल्या होत्या. त्याखाली होतं, "बखर सांभाळणारीने या ओळी पाण्याच्या अधिकारी बाईसमोर वाचल्या नाहीत. त्यामुळे पहिल्या घरातल्या बाळाच्या अंगात शिसं गेलं." मग तिने पेन माझ्याकडे सरकवलं.

"तुझं तू लिही," ती म्हणाली. "तुझ्यासाठी मी लिहिणार नाही."

"मला तुमची भाषा येत नाही."

"तुझ्या भाषेत लिही. ही पहिली परकी भाषा असेल बखरीत. मला आवडतंय असं समजू नकोस."

मी मराठीत पाच ओळी लिहिल्या. पहिल्या तीन भराभर उतरल्या. यादी कशी केली, पाइप कधी तपासला, आठ घरांचे पाइप कधी बदलले. मग पेन थांबलं. म्हातारी खिडकीबाहेर बघत होती. शेवटच्या दोन ओळी लिहायला मला पहिल्या तिन्हींच्या दुप्पट वेळ लागला.

पहिल्या रविवारी सभागृह भरलं होतं. जे कधी फिरकत नाहीत तेही आले होते, कारण गावात कुजबुज पसरली होती. नात दुसऱ्या रांगेत बसली होती, माझ्या नेहमीच्या खुर्चीत. मुलगी तिच्या मांडीवर बसून पाय हलवत होती. म्हातारीने आपला भाग वाचला. आजोबांच्या ओळी वाचताना तिचा आवाज जराही हलला नाही. टेकाडावरचे लोक खाली मान घालून बसले. मग तिने मला वर बोलावलं, बखर माझ्याकडे वळवली आणि माझ्या पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं.

मी इंग्रजीत सांगत गेले. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. बोट माझ्याबरोबर खाली आलं. मग मी समोर पाहिलं. सगळं गाव बघत होतं. या गावात मराठी वाचता येणारी माणसं फक्त आमच्या घरात आहेत. मी म्हटलं, "एवढंच आहे," आणि एक पाऊल मागे सरले.

म्हातारीचं बोट चौथ्या ओळीखाली जाऊन थांबलं. तिला त्यातलं एकही अक्षर कळत नव्हतं.

"अजून दोन ओळी आहेत," ती म्हणाली. ती माइकवर बोलली नाही, पण पुढच्या रांगांना ऐकू गेलं.

मी परत आले आणि वाचलं. "बखर सांभाळणारीचं बोट तीन ओळी सोडून गेलं, ते मी पाहिलं होतं. मला तिचा राग आला होता, म्हणून मी विचारलं नाही."

म्हातारीने बखर मिटली आणि माझ्याकडे न बघता खाली उतरली. बायका सूप वाढायला उठल्या. सभागृहाच्या कोपऱ्यात नळ आहे. त्याचा जुना लोखंडी पाइपही गेल्याच महिन्यात मी माझ्या हाताने बदलला होता आणि पाणी दोनदा तपासून घेतलं होतं. मुलीला तहान लागली असावी, ती त्या नळाकडे हात करत होती. नातीने तिला खाली ठेवलं, पिशवीतून दुकानातल्या पाण्याची बाटली काढली, सील तोडलं आणि तिच्या तोंडाला लावली.